आधी कर्नल, मग युजरलँड: या क्रमामागचा इतिहास

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम सोर्समधून (मूळ कोड स्वतः बांधून) अपग्रेड करणाऱ्याला एक क्रम पाळावाच लागतो: नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) बसवा, मशीन रीबूट करा, मगच युजरलँडला (कर्नलबाहेरच्या लायब्ररी आणि कमांड) हात लावा. नव्या कर्नलला जुने सिस्टिम कॉल (प्रोग्राम कर्नलकडे करतात त्या मागण्या) कळतात, जुन्याला नवे कळत नाहीत. क्रम उलटला तर नवी लिबसी (बहुतेक प्रोग्राम वापरतात ती सी भाषेची मूळ लायब्ररी) कर्नलमध्ये नसलेला कॉल मागू शकते, आणि मग फाइलींची यादी दाखवणारी साधी ‘एलएस’ कमांडही चालेनाशी होते.

जुने कॉल कळत राहणं ही आपोआप मिळालेली गोष्ट नव्हे. ३२-बिट इंटेलसाठी लिनक्सचा सिस्टिम कॉलचा तक्ता पाहावा. फाइलची माहिती देणाऱ्या कॉलच्या त्यात चार पिढ्या नांदतात: १८ क्रमांकावर ओल्डस्टॅट, १०६ वर स्टॅट, १९५ वर स्टॅट६४ आणि ३८३ वर स्टॅटएक्स. फाइली मोठ्या झाल्या, युजर आयडी १६ बिटांत मावेनात, तसा नवा कॉल शेजारी आला. जुन्याचा क्रमांक मात्र कोणी दुसऱ्याला दिला नाही. कर्नलमधल्या बदलाने चालता प्रोग्राम मोडला तर चूक कर्नलचीच, हे लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फार कडक शब्दांत सुनावलं होतं. त्याआधी २०११ मध्ये लिनक्सच्या २.६.३९ या आवृत्तीनंतर थेट ३.० आलं, तेव्हा ‘२.६’ गृहीत धरणारे प्रोग्राम अडखळले. त्यांच्यासाठी ३.१ मध्ये ‘युनेम२६’ नावाचं सेटिंग आलं. ते लावलं की कर्नल आपला क्रमांक २.६ मालिकेतलाच सांगतो.

लिबसीचं काम माझ्या मते याहून अवघड, कारण तिथे नुसतं नाव टिकवून भागत नाही, वागणूकही टिकवावी लागते. मेमकॉपी हे लिबसीतलं फंक्शन मेमरीच्या एका भागातला मजकूर दुसऱ्या भागात उतरवतं. त्याला दिलेले मेमरीचे दोन भाग एकमेकांवर येऊ नयेत, असा नियम आहे. तो मोडूनही काही प्रोग्राम वर्षानुवर्षं चालले. २०१० च्या सुमारास ग्लिबसीतल्या (लिनक्सवर सहसा वापरली जाणारी लिबसी) वेगवान मेमकॉपीने कॉपीची दिशा बदलली आणि फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. नियमाने ग्लिबसीचं बरोबर होतं, पण वापरणाऱ्याला ऐकू येत होती ती खरखर. ग्लिबसी २.१४ मध्ये मेमकॉपीला नवी सिम्बॉल आवृत्ती (त्याच नावाची वेगळी नोंद) मिळाली. जुने बायनरी (आधीच बांधून तयार असलेले प्रोग्राम) जुन्याच आवृत्तीला जोडलेले राहिले आणि तिथे भाग एकमेकांवर आले तरी चालू लागलं.

फ्रीबीएसडीने हे दोन्ही उपाय एकत्र वापरले. २०१८ च्या १२.० मध्ये आयनोड क्रमांक (फाइलचा अंतर्गत ओळख क्रमांक) ३२ वरून ६४ बिटांवर गेले, म्हणजे स्टॅटची रचनाच बदलली. कर्नलमध्ये आवृत्ती ११ चे कॉल वेगळे जपले, लिबसीत जुनी सिम्बॉल ठेवली. त्याच घराण्यातल्या ओपनबीएसडीने २०१४ च्या ५.५ मध्ये वेळ साठवण्याचा डेटाप्रकार ६४ बिटांचा करताना मात्र जुन्या बायनरींशी सुसंगती सोडली. कर्नल, लायब्ररी आणि पॅकेजेस सगळं नव्याने एकत्र बांधणाऱ्या प्रकल्पाला ते परवडतं.

१९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटांत सेकंद मोजणारी वेळ संपते. त्यासाठी डेबियन १३ या लिनक्स वितरणाने ३२-बिट आर्म प्रोसेसरवर वेळेचा प्रकार ६४ बिटांचा केला, ३२-बिट इंटेलवर मात्र नाही. तिथे जुने बायनरी चालत राहणं जास्त महत्त्वाचं ठरलं.