दोन चिठ्ठ्यांचा वाद : इ.स. २५० च्या सत्त्वपरीक्षेची पार्श्वभूमी

बायबलमधील अब्राहाम आणि मोरिया डोंगर, दानीएल आणि सिंहांची गुहा, राखेत बसलेला ईयोब या कथा वाचकांना ठाऊक आहेत. त्यांत कसोटी एकट्याची असते आणि निकाल देव स्वतः लावतो. अख्ख्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे श्रद्धावंतांच्या समाजाची, एकाच वेळी परीक्षा झाली, पुष्कळ जण तीत टिकले नाहीत आणि निकाल माणसांनाच लावावा लागला, असा प्रसंग इ.स. २५० मध्ये रोमन साम्राज्यात घडला.

सम्राट डेशियसच्या फर्मानानुसार प्रत्येकाने देवतांना बळी द्यायचा, पेय ओतायचे, बळीचे मांस चाखायचे आणि तसा दाखला घ्यायचा होता. इजिप्तमध्ये असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर सापडले आहेत. त्यांत मगरदेवाच्या एका पुजारिणीचाही दाखला असल्याने फर्मानाचा रोख फक्त ख्रिस्ती लोकांवर होता, असे सरसकट म्हणता येत नाही. जून २५० मधल्या एका दाखल्यातील अर्जदार ७२ वर्षांचा आहे आणि उजव्या भुवईवरचा व्रण ही त्याची ओळखीची खूण नोंदवली आहे. मजकूर ठरीव आहे : मी देवतांना नेहमीच बळी देत आलो आहे आणि आताही आपल्यासमक्ष दिला आहे. ख्रिस्ती माणसाला खरा जड जाणारा शब्द ‘नेहमीच’ हा होता, कारण त्याखाली सही केली की आजच्या कृतीबरोबर मागचे सगळे आयुष्यही नाकारले जात होते.

उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहरात बळी देणाऱ्या ख्रिस्ती लोकांची इतकी गर्दी झाली की संध्याकाळ झाल्यामुळे अधिकाऱ्यांनी काहींना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले, असे तेथील बिशपानेच, म्हणजे मंडळीच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यानेच, लिहून ठेवले आहे. सर्वांचे पतन मात्र सारखे नव्हते. काहींनी प्रत्यक्ष बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, तर काहींनी वेदीकडे न फिरकता पैसे देऊन दाखला मिळवला. या शेवटच्या गटाचे म्हणणे असे की आपण मूर्तीपुढे वाकलोच नाही, मग आज्ञाभंग कुठला?

गुंता खरा वाढला तो दुसऱ्या चिठ्ठीमुळे. विश्वासासाठी तुरुंगात छळ सोसणारे लोक पतितांना क्षमापत्रे देऊ लागले. ‘अमुक इसम आणि त्याच्या घरचे’ अशी मोघम पत्रेही निघाली, ज्यांत नावे किती बसवावीत याला धरबंध नव्हता. लॅटिनमध्ये बळीच्या दाखल्याला आणि या पत्राला शब्द एकच होता, ‘लिबेलस’. देवाला नाकारल्याची चिठ्ठी घेतलेला माणूस त्याच नावाची दुसरी चिठ्ठी दाखवून प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारसाच्या उपासनाविधीला) हक्काने येऊ पाहत होता. क्षमा करण्याचा अधिकार छळ सोसलेल्यांचा की बिशपाचा, हा प्रश्न त्यामुळे टाळता येईना. कार्थेजच्या बिशपाची बाजू इथे कमकुवत होती, कारण छळाच्या काळात तो स्वतः लपून राहिला होता. मंडळीला पत्रांतून धीर देता यावा म्हणून आपण दूर गेलो, हा त्याचा खुलासा अगदीच फोल नव्हता. पण तुरुंगात अंग सोलून निघालेल्यांच्या गळी तो कसा उतरावा?

२५१ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने मधला मार्ग काढला. केवळ दाखला विकत घेतलेल्यांना चौकशीनंतर परत घ्यावे आणि बळी दिलेल्यांनी प्रायश्चित्तात राहून मरणसमयी क्षमा मिळवावी, असे ठरले. नव्या छळाची चिन्हे दिसताच प्रायश्चित्तातील सर्वांनाच परत घेण्यात आले, कारण प्रभुभोजनावाचून कोणाला रक्तसाक्षी होण्यास, म्हणजे विश्वासासाठी प्राण देण्यास, कसे सांगणार? रोममधील कडव्या गटाला यातले काहीच मान्य नव्हते आणि त्याने आपला वेगळा बिशप निवडला. पूर्वी लपून राहिलेला कार्थेजचा बिशप २५८ मध्ये मात्र पळाला नाही. कार्थेजजवळ त्याचा शिरच्छेद झाला.

३०३ नंतरच्या छळात पवित्र ग्रंथ शासनाच्या हवाली केलेल्यांवरून उत्तर आफ्रिकेत फूट पडली आणि ती शतकभराहून अधिक काळ टिकली.

जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावरील १६१४ च्या बंदीनंतर हाच प्रश्न नव्या रूपात आला. नागासाकीच्या परिसरात रहिवाशांना आपण ख्रिस्ती नाही हे दाखवण्यासाठी ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवावा लागे. लाकडी फळीत बसवलेल्या धातूच्या काही प्रतिमांचे चेहरे तुडवून तुडवून गुळगुळीत झाले आहेत. क्षमा करायला धर्मगुरू उरले नव्हते, म्हणून लपून विश्वास जपणारी कुटुंबे पश्चात्तापाची प्रार्थना आपसांतच म्हणत. १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरले, तेव्हा त्यांच्यातील सगळेच चर्चमध्ये परतले नाहीत. काहींनी पूर्वजांच्या प्रार्थना घरीच चालू ठेवल्या.