उतारावर न्यूट्रल? जुन्या प्रियसमध्ये तरी नको

‘उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाका, पेट्रोल वाचतं’ हा सल्ला कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. २००४ ते २००९ च्या टोयोटा प्रियस या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या गाडीचे मालकही तो इमानेइतबारे पाळतात. तिथे तो चक्क उलटा पडतो. न्यूट्रलमध्ये मोटरचा वीजप्रवाहच तुटतो. उतारावर फुकट मिळणारी वीज बॅटरीत जात नाही आणि वेग आवरायला नुसते ब्रेक झिजतात. इंजिन चालू असताना न्यूट्रल टाकलं, तर ते बंदही होत नाही, पेट्रोल पीतच राहतं.

गाडी ‘डी’मध्येच, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्ह गियरमध्येच ठेवा. सपाटीवर, ताशी ६५ किमीच्या आत, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण उचला. इंजिन थांबलं की अगदी किंचित दाबा. स्क्रीनवरचे ऊर्जा कुठून कुठे जातेय ते दाखवणारे बाण गेले की समजा, ना पेट्रोल जातंय ना वीज. जमायला थोडा वेळ लागतो.

गियर ‘बी’वर टाकला की जास्त चार्जिंग होतं, ही त्याच माळेतली समजूत. ‘बी’ म्हणजे इंजिनाचा ब्रेक. लांबलचक घाट उतरताना ठीक, एरवी नुकसानच.

तरीही अ‍ॅव्हरेज पडलेलंच असेल, तर आधी टायरमधली हवा बघा, मग मागच्या सीटशेजारची बॅटरीच्या पंख्याची जाळी. घरात कुत्रा असेल तर त्याचे केस तिथे सापडतीलच.