लव्हाळ्यांची पाणथळ कुरणे

मुस्तक कुलातील (सायपेरेसी) वनस्पतींचे म्हणजे लव्हाळ्यांचे, विशेषतः कॅरेक्स प्रजातीचे प्राबल्य असलेली ओल्या जमिनीवरील वृक्षहीन कुरणे. यूरोप, उत्तर अमेरिका व आशिया यांच्या समशीतोष्ण भागांत नदीकाठची पूरमैदाने, तळ्यांचे काठ आणि पीटच्या (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या) थरांवर ती आढळतात. निम्म्याहून अधिक प्राबल्य गवतांचे नसून लव्हाळ्यांचे असावे, हा निकष वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी १९५९ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यासाठी मांडला. तो आजही सोयीचा ठरतो.

कॅरेक्स प्रजातीत सु. २,००० जाती आहेत. खोड भरीव व बहुधा त्रिधारी, पाने तीन रांगांत आणि फळ पिशवीसारख्या सहपत्रात बंद, ही तिची ओळख. मुळांतील हवेच्या पोकळ्यांमुळे या वनस्पती प्राणवायूविरहित चिखलात टिकतात. कॅरेक्स ॲक्यूटिफॉर्मिससारख्या जाती जमिनीखालील आडव्या खोडांनी पसरून सलग गालिचा करतात. यूरोपातील कॅरेक्स एलाटा व अमेरिकेतील कॅरेक्स स्ट्रिक्टा मात्र उंच ठोंब बांधतात. ठोंबाचा माथा कोरडा आणि मधली खाच पाण्याखाली, त्यामुळे हातभर अंतरात अगदी भिन्न गरजांच्या जाती नांदतात.

वर्गीकरण : या समुदायांच्या नामकरणाचा पाया स्वित्झर्लंडमध्ये घातला गेला. त्सुरिक व वालेन या सरोवरांमधल्या लिंट मैदानाच्या अभ्यासातून वनस्पतिशास्त्रज्ञ वालो कॉख यांनी १९२६ मध्ये मोठ्या लव्हाळ्यांच्या समुदायांसाठी ‘मॅग्नोकॅरिसिऑन’ हा गट मांडला. ब्राउन-ब्लांके परंपरेच्या (एकत्र आढळणाऱ्या जातींवरून समुदाय ठरवण्याच्या पद्धतीच्या) उतरंडीत असोसिएशन हा मूलघटक, त्यावर अलायन्स, ऑर्डर व क्लास. कॉख यांचा गट अलायन्सच्या पातळीवरचा. त्याला बोरूच्या (पाणकाठच्या उंच गवताच्या) वनांबरोबर एका ऑर्डरमध्ये ठेवावे की वेगळे काढावे, यावर मतभेद झाले. सांद्रो पिन्यात्ती यांनी १९५३ मध्ये स्वतंत्र ऑर्डर सुचवली. पुढे १९६१ मध्ये झेउ यांनी कॅरेक्स ग्रॅसिलिसच्या नावाने दुसरा अलायन्स वेगळा केला. कमी पोषकद्रव्यांच्या, पीटयुक्त व पाणीपातळी त्यामानाने स्थिर असलेल्या जागा पहिल्यात, तर चढउताराच्या पाण्याच्या, सुपीक गाळाच्या जागा दुसऱ्यात, अशी विभागणी मध्य यूरोपात बरीच रुळली आहे. बुटक्या लव्हाळ्यांचे समुदाय ट्यूक्सेन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या निराळ्या क्लासमध्ये जातात; चुनखडीयुक्त पाण्यावरचा कॅरेक्स डॅव्हॅलियानाचा अलायन्स त्यातलाच.

या साऱ्या मांडणीवरचा मूलभूत आक्षेपही १९२६ चाच आहे. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ग्लीसन यांच्या मते प्रत्येक जाती आपापल्या गरजेनुसार वाढते आणि समुदाय हा योगायोगाने जुळलेला संच असतो. कर्टिस यांनी हाच विचार पुढे नेऊन विस्कॉन्सिनच्या वनस्पतींचे वर्णन अखंड श्रेणीच्या, म्हणजे ठाम सीमांविना हळूहळू होणाऱ्या बदलाच्या, रूपात केले. लव्हाळ्यांच्या कुरणांपुरते पाहता कर्टिस यांची बाजू अधिक पटते : पाणीपातळी थोडी बदलली की प्रबळ जाती बदलते, आणि दोन असोसिएशनांमधली सीमा जमिनीवर क्वचितच रेघेसारखी दिसते. तरीही नावे टाकून देता येत नाहीत, कारण संरक्षण त्यांवरच अवलंबून आहे. यूरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात चुनखडीयुक्त फेनना (भूजलावर पोसलेल्या पीटयुक्त दलदलींना) ७२३० हा संकेतांक मिळाला. मोठ्या लव्हाळ्यांच्या मॅग्नोकॅरिसिऑनला स्वतंत्र संकेतांक नाही. ही उणीव गंभीर आहे.

अनुक्रमण (कालांतराने एका समुदायाची जागा दुसऱ्याने घेणे) : बोरू, मग लव्हाळे, मग वाळुंज व आल्डरची झुडपे आणि शेवटी ओकचे वन, असा क्रम जुनी पाठ्यपुस्तके देतात. डोनाल्ड वॉकर यांनी १९७० मध्ये ब्रिटनमधील गाळाचे थर तपासून वाटा अनेक असल्याचे आणि अखेर बहुधा शेवाळी दलदलीत होत असल्याचे दाखवले. हे मत ग्राह्य धरावे.

मानवी वापर : आल्प्सच्या पायथ्याशी ही कुरणे शरदात कापून गुरांच्या गोठ्यात अंथरायला वापरत. कापणी थांबली की झुडपे शिरतात. पोलंडच्या बिएब्झा खोऱ्यात हे ठळक दिसते. तेथे १९९३ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले; त्याचे क्षेत्र ५९,००० हेक्टरांहून अधिक आहे. ॲक्वॅटिक वॉर्बलर हा दुर्मीळ पक्षी तेथील खुल्या लव्हाळ्यांत वीण करतो आणि हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. त्याच्यासाठी वाळुंज व भूर्ज हटवून, बर्फ सपाट करणाऱ्या पट्टाचाकी यंत्रांत फेरफार करून त्यांच्याद्वारे कापणी केली जाते. विस्कॉन्सिनमध्ये संकट वेगळे : शेत व शहरातून वाहून आलेला गाळ ठोंबांमधल्या खाचा बुजवतो, आणि फॅलॅरिस अरुंडिनेशिया हे गवत कुरण व्यापते.

आशिया : तिबेटच्या पठारावर व लडाखमध्ये ज्या बुटक्या हिरवळी कोब्रेसियाच्या म्हणून वर्णिल्या गेल्या, त्या २०१५ पासून कॅरेक्समध्ये गणल्या जातात, कारण कोब्रेसिया प्रजाती कॅरेक्समध्ये विलीन करण्यात आली. सह्याद्रीच्या जांभ्या सड्यांवर पावसाळ्यात फिम्ब्रिस्टायलिससारखे लव्हाळे उगवतात. परंतु ते समुदाय हंगामी, पातळ मातीचे असून पीट साठवणाऱ्या या कुरणांहून वेगळे मानावेत.