ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे

पडद्यावर निवेदिकेचे ओठ मिटलेले दिसतात आणि त्याच क्षणी कानावर लांब 'आ' पडतो. चित्र स्वच्छ असतं, आवाज खणखणीत असतो, तरी पाच मिनिटांत ते रेकॉर्डिंग बघणं नकोसं होतं. टीव्हीवरचे कार्यक्रम घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतंच. मग प्लेअरमध्ये आवाज थोडा पुढे, थोडा मागे असा खेळ सुरू होतो. सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो, शेवट जुळवला की सुरुवात. या बिघाडात दुरुस्ती सोपी आणि निदान अवघड, असं माझं ठाम मत आहे. आवाज किती सरकला हे नंतर बघावं. तो कसकसा सरकत गेला हे आधी बघावं, कारण त्या सरकण्याच्या तऱ्हेतच कारण दडलेलं असतं.

एवढ्याशा फरकाने आपण इतके अस्वस्थ होतो, कारण ऐकताना आपला मेंदू ओठही वाचत असतो. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात एक प्रयोग मांडला. ओठ 'गा' म्हणणारे आणि आवाज 'बा'चा, अशी जोडणी करून लोकांना दाखवली, तर बहुतेक प्रौढांना ऐकू आलं 'डा'. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं एकत्र करून मेंदूने तिसरंच अक्षर तयार केलं. जे दोन प्रवाह मेंदू इतक्या घट्टपणे एकत्र विणतो, ते वेळेने जरा जरी फाटले तरी त्याला खटकणारच.

मात्र हे खटकणं दोन्ही बाजूंना सारखं नसतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या पुढे गेला, तर साधारण ४५ मिलिसेकंदांनाच प्रेक्षकाच्या लक्षात येतं. मागे पडला, तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. यामागचं कारण निसर्गातच आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, प्रकाश त्याच्या कितीतरी पट वेगाने. चौतीस मीटरवर कोणी टाळी वाजवली, तर हात आधी भिडलेले दिसतात आणि आवाज सुमारे १०० मिलिसेकंदांनी पोचतो. उशिरा येणाऱ्या आवाजाची आपल्याला जन्मभराची सवय आहे. कृती दिसण्याआधीच तिचा आवाज आला, असं मात्र प्रत्यक्षात कधी घडत नाही, म्हणून ते लगेच बोचतं. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता कॉम्प्युटरच्या आत शिरू. अ‍ॅनालॉग सिग्नल घेणाऱ्या जुन्या टीव्ही ट्यूनर कार्डांच्या अनेक जोडण्यांत चित्र कार्डातून यायचं आणि आवाज एका छोट्या वायरने साउंड कार्डाला दिलेला असायचा. म्हणजे चित्र मोजणारं घड्याळ एक आणि आवाज मोजणारं दुसरंच. दोन्हींच्या मुळाशी क्वार्ट्झचा स्फटिक असतो, पण दोन स्फटिक नेमके एकाच गतीने कंप पावत नाहीत. दहा लाखांत काही दहांचा फरक अगदी सर्वसाधारण मानला जातो. ऐकायला हा फरक नगण्य वाटतो. पण समजा, साउंड कार्डाने सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (एकेका क्षणाची मोजमापं) घ्यायचे आहेत आणि ते प्रत्यक्षात ४७,९९५ घेतंय. फाइलवर मात्र '४८,०००' असंच लिहिलेलं आहे. तासाभरात १८,००० नमुने कमी पडले. वाजवताना प्लेअर फाइलवरच्या आकड्यावर विश्वास ठेवतो, त्यामुळे तासाचा आवाज ०.३७५ सेकंद आधीच संपतो. शेवटी शेवटी आवाज चित्राच्या ३७५ मिलिसेकंद पुढे असतो, म्हणजे आपल्याला जी बाजू जास्त बोचते त्याच बाजूला. ४५ मिलिसेकंदांची मर्यादा तर सातव्या-आठव्या मिनिटालाच ओलांडली जाते. यात कोणतंही यंत्र बिघडलेलं नाही. दोन्ही आपापल्या परीने चोख आहेत, फक्त त्यांची एकमेकांशी गाठ घालून दिलेली नाही.

दुसरं कारण गळालेल्या फ्रेम्सचं, म्हणजे चलचित्र ज्यांचं बनतं त्या एकेका स्थिर चित्राचं. डिस्क मागे पडली, किंवा रेकॉर्डिंग चालू असताना कॉम्प्युटरने मागे दुसरंच जड काम काढलं, की कॅप्चर करणारा प्रोग्राम काही फ्रेम्स सोडून देतो. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. दहा फ्रेम्स गळाल्या आणि त्यांच्या जागी काही भरलं नाही, तर चित्र ४०० मिलिसेकंदांनी आखूड होतं आणि तिथून पुढे आवाज तेवढाच मागे राहतो. हा फरक हळूहळू वाढत नाही, एका ठिकाणी उडी मारतो.

इथे फाइलच्या प्रकाराचाही मोठा वाटा आहे. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेल्या एव्हीआय प्रकारात प्रत्येक फ्रेमला स्वतःची वेळ नसते. एकच ठरलेली गती असते आणि फ्रेम्स एकामागून एक मोजत जायच्या. एक गळाली की पुढच्या सगळ्या आपोआप अलीकडे सरकतात. टीव्ही रेकॉर्डिंगसाठी हा प्रकार मला कधीच योग्य वाटला नाही. ज्या कामात डेटा हरवण्याची शक्यता आहेच, तिथे प्रत्येक तुकड्यावर वेळ लिहिलेली हवी.

डिजिटल प्रसारणात ती लिहिलेली असते, आणि ही रचना खरोखर देखणी आहे. चित्र, आवाज, सबटायटल्स हे सगळं १८८ बाइटांच्या छोट्या पॅकेट्समध्ये चिरून एकाच प्रवाहात सोडलं जातं. त्याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात. केंद्राकडचं २७ मेगाहर्ट्झचं घड्याळ किती वाजले ते या प्रवाहातून सतत सांगत राहतं. दोन नोंदींमध्ये एक दशांश सेकंदाहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही असा नियम आहे. शिवाय चित्र आणि आवाज दोघांवरही 'मला अमुक वेळेला दाखव' किंवा 'वाजव' असा शिक्का असतो. हा शिक्का सेकंदाच्या नव्वद हजाराव्या भागात मोजतात. त्यामुळे वाटेत काही हरवलं तरी उरलेल्याला आपली जागा माहीत असते. शिक्क्याला ३३ बिट्सची जागा आहे, त्यामुळे साधारण साडेसव्वीस तासांनी तो पुन्हा शून्यावर येतो. नेमका तो क्षण तुमच्या रेकॉर्डिंगच्या मध्ये आला आणि प्रोग्राम कच्चा असला, तर फाइलची लांबी भलतीच दिसते. असं क्वचितच होतं, पण झालं तर घाबरून जाऊ नये म्हणून सांगून ठेवतो.

मग डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये आवाज सरकतो तरी कसा? बहुतेक वेळा आपणच ते शिक्के पुसतो म्हणून. चित्र आणि आवाज वेगळ्या फाइलींमध्ये काढले, की शिक्के मागेच राहतात. त्यात सिग्नल वाईट असताना आवाजाच्या काही फ्रेम्स (आवाजही असा छोट्या तुकड्यांत साठवतात) खराब झालेल्या असतात आणि प्रोग्राम त्या गुपचूप टाकून देतो. एसी-३ या प्रकारात साठवलेल्या आवाजाची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची असते. अशा पाच गेल्या की आवाज १६० मिलिसेकंद पुढे आला. म्हणून ट्यूनरमधून आलेली मूळ टीएस (ट्रान्सपोर्ट स्ट्रीम) फाइल जशीच्या तशी ठेवावी आणि काम संपून निकाल मनासारखा मिळेपर्यंत ती पुसू नये. फाइल मोठी असते, जागा खाते, हे खरं. पण वेळेची सगळी साक्ष तिच्यातच आहे.

निदानाकडे वळू. आधी दोष फाइलचा की वाजवण्याचा ते पाहावं. ब्लूटूथ हेडफोन किंवा टीव्हीतली चित्र सुधारण्याची प्रक्रिया स्वतःचा उशीर घालते, आणि मग सगळ्याच फाइली सारख्या बिघडलेल्या वाटतात. वायरने जोडलेल्या स्पीकरवर, दुसऱ्या प्लेअरमध्ये तीच फाइल लावून बघितली की याचा निकाल लागतो. बघता बघता चित्र आवाजाच्या मागे पडत असेल आणि फाइल थोडी पुढे ढकलताच पुन्हा जुळत असेल, तर कॉम्प्युटरला चित्र उलगडायला वेळ पुरत नाहीये. फाइल बरी आहे.

दोष फाइलचाच असेल तर मोजमाप करावं, आणि त्यासाठी 'प' हे अक्षर फार उपयोगी पडतं. 'प' म्हणताना ओठ पूर्ण मिटतात, क्षणभर आवाज बंद होतो आणि ओठ उघडताच हवा फुटून बाहेर येते. समोर चेहरा असलेला, 'पाऊस' किंवा 'पहिला' असा शब्द असलेला भाग शोधावा. प्लेअर किंवा एडिटरमध्ये एकेक फ्रेम पुढे सरकवत ओठ विलग होतात ती पहिली फ्रेम गाठावी आणि तिची वेळ टिपावी, समजा १२.४० सेकंद. मग ऑडॅसिटीसारख्या प्रोग्राममध्ये आवाजाची लहर उघडावी. 'प'च्या आधी लहर जवळजवळ सपाट झालेली दिसते आणि मग एकदम उसळते. ती उसळी १२.५२ सेकंदांवर असेल, तर आवाज १२० मिलिसेकंद मागे आहे. 'ब' किंवा 'म' घेतला तर ओठ मिटलेले असतानाही घशातला नाद चालू राहतो, त्यामुळे कडा इतकी स्पष्ट मिळत नाही. टाळी किंवा चेंडूचा टप्पा मिळाला तर उत्तमच. सेकंदाला २५ फ्रेम्स असताना या मोजमापात एखाद्या फ्रेमएवढी, म्हणजे ४० मिलिसेकंदांपर्यंतची चूक राहू शकते, ती चालवून घ्यावी.

नुसत्या नजरेने जुळवायला मी सांगत नाही, त्याला कारण आहे. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं, की चित्र आणि आवाजात ठरावीक अंतर असलेलं दृश्य काही मिनिटं पाहिलं, की मेंदू आपली 'एकाच वेळी'ची कल्पनाच त्या दिशेला सरकवतो. अर्धा तास आवाज मागेपुढे करत बसलेल्या माणसाला चुकीचं अंतरही बरोबर वाटू लागतं. लहरीचा आकडा असा थकत नाही.

हे मोजमाप फाइलच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, तिन्ही ठिकाणी करावं. तिन्हीकडे १२० आले, तर आवाज सुरुवातीपासूनच तेवढा सरकलेला आहे. शून्य, १९०, ३७५ असे आकडे आले, तर दोन घड्याळांची चाल वेगळी आहे. शून्य, शून्य, ४०० आले, तर मध्ये कुठेतरी काहीतरी गळालंय आणि ती जागा शोधायला हवी.

सारखं अंतर असेल तर काम दोन मिनिटांचं. एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्राममध्ये आवाजाला तेवढे मिलिसेकंद द्यायचे, मागे असेल तर उणे. चित्राला किंवा आवाजाला हातही लागत नाही, फक्त शिक्के बदलतात. अ‍ॅव्हिडेमक्समध्येही ही सोय आहे.

चाल वेगळी असेल तर आवाज ताणावा किंवा आवळावा लागतो. वरच्या उदाहरणात त्याची लांबी १.०००१०४ पट करायची. सूर बिघडेल अशी भीती अनेकांना वाटते, ती अनाठायी आहे. एका अर्धस्वराचा फरक जवळपास ६ टक्क्यांचा असतो, हा बदल त्याच्या पाचशेव्या भागाहूनही लहान आहे. सेकंदाला २४ फ्रेम्सचा चित्रपट २५ च्या गतीने दाखवतात तेव्हा मात्र वेग चार टक्क्यांनी वाढतो, दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत आटोपतो आणि तयार कान असलेल्याला चढलेला सूर कळतो.

ताणण्याआधी एक खूण तपासावी. तासाला बरोबर ३.६ सेकंदांचा फरक पडत असेल, तर आवाजाला हात लावू नका. कोणीतरी २९.९७ आणि ३० या दोन गतींची गल्लत केली आहे आणि चित्राच्या गतीचा आकडा सुधारला की झालं. हा विचित्र आकडा आला १९५३ मध्ये, अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक ठरलं तेव्हा. रंगाचा सिग्नल आणि आवाजाचा सिग्नल एकमेकांत मिसळून चित्रावर नक्षी उमटू नये, म्हणून फ्रेम्सची गती हजारात एकने कमी केली. त्या एका तडजोडीचा हिशेब आजही कॅप्चर सॉफ्टवेअरच्या मेनूत चुकतो.

उड्या मारणारा बिघाड सगळ्यात चिवट. मूळ टीएस फाइल असेल तर ती एफएफएमपेग या प्रोग्राममधून पुन्हा काढावी आणि आवाजाच्या फिल्टरला शिक्के पाळायला सांगावं, म्हणजे हरवलेल्या जागी तेवढीच शांतता भरली जाते. प्रोजेक्टएक्स हा जुना प्रोग्राम तर याच कामासाठी नावाजलेला होता. मूळ फाइल नसेल, तर प्रत्येक उडीपाशी आवाज कापून हाताने बसवण्याला पर्याय नाही.

एवढं सगळं जुळल्यावर पुष्कळांची रेकॉर्डिंग्ज जाहिराती कापताना पुन्हा बिघडतात. चित्राची फ्रेम ४० मिलिसेकंदांची आणि एमपीटू या प्रकारातल्या आवाजाची २४, म्हणजे दोघांच्या कडा १२० मिलिसेकंदांतून एकदाच जुळतात. इतर कुठेही कापलं की आवाजाचा जवळच्या कडेपर्यंतचा तुकडा, जास्तीत जास्त १२ मिलिसेकंदांचा, जास्त किंवा कमी राहतो. चांगला प्रोग्राम ही बाकी पुढच्या कापाच्या हिशेबात धरतो. वाईट प्रोग्राम विसरतो, आणि एकाच दिशेचे सहा काप झाले की ७२ मिलिसेकंदांपर्यंत फरक साचतो. चित्र तर मनात येईल तिथून सुरूच करता येत नाही. बारा-पंधरा फ्रेम्समध्ये एखादीच संपूर्ण असते, बाकीच्या तिच्या आधाराने उलगडतात. प्रोग्रामने चित्र त्या पूर्ण फ्रेमपाशी कापलं आणि आवाज मात्र तुम्ही सांगितलं तिथे, तर एका कापात अर्ध्या सेकंदापर्यंत घोळ होतो. म्हणून एकतर कापण्याची जागा स्वतःच पूर्ण फ्रेमवर धरावी, नाहीतर कापाजवळच्या मोजक्या फ्रेम्स नव्याने तयार करून बाकीच्या जशाच्या तशा ठेवणारा प्रोग्राम वापरावा. आणि प्रत्येक कापानंतरचा पहिला 'प' तपासून मगच टीएस फाइल पुसावी.