पोपटाचे हातावर येण्याचे प्रशिक्षण

ठरावीक शब्द किंवा खूण मिळताच पाळीव पोपटाने दांडीवरून, पिंजऱ्यातून अथवा जमिनीवरून पाळणाऱ्याच्या बोटावर किंवा हातावर स्वतःहून चढावे आणि सांगितल्यावर तितक्याच शांतपणे उतरावे, यासाठी त्याला दिले जाणारे शिक्षण. पक्षी पाळणाऱ्यांच्या बोलण्यात याला ‘स्टेप अप’ असेच म्हटले जाते. पिंजऱ्याची साफसफाई, वजन, नखांची पाहणी, पशुवैद्याकडची फेरी, धूर किंवा गॅसगळतीच्या वेळी पक्ष्याला झटपट बाहेर काढणे ही सगळी कामे या एका सवयीवर अवलंबून असतात. त्यामुळे बोलणे किंवा शीळ घालणे यांच्या आधी हातावर येणे शिकवावे, असा जाणकारांचा आग्रह असतो.

भारतात पोपट शिकवणे याचा अर्थ दीर्घकाळ त्याला बोलायला शिकवणे एवढाच होता. कामसूत्रातील चौसष्ट कलांमध्ये शुकसारिकाप्रलापन, म्हणजे पोपट-मैनांना बोलते करणे, ही एक कला सांगितली आहे. मराठी घरांतही पोपट ‘विठू विठू’ म्हणू लागला की त्याचे शिक्षण पुरे झाले असे समजले जाई. तो पिंजऱ्याबाहेर येऊन माणसाच्या हातावर बसावा, ही अपेक्षा फारशी नसे. रस्त्याच्या कडेला भविष्य सांगणाऱ्यांचा पोपट पिंजऱ्यातून बाहेर येऊन चिठ्ठी उचलतो, दाणा मिळताच आत जातो. त्यात बक्षिसाचा उपयोग असला, तरी अशा पक्ष्याचे पंख बहुधा छाटलेले असल्याने त्याच्या मर्जीला तेथे फारसा वाव नसतो.

या विषयाला कायद्याचीही एक बाजू आहे. लाल कंठाचा नेहमीचा हिरवा पोपट, पहाडी पोपट, सह्याद्रीतील निळ्या पंखांचा पोपट अशा भारतातील सर्व स्थानिक जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण असून त्यांना पकडणे, विकणे किंवा घरात पाळणे हा गुन्हा आहे. अनेक घरांना हे ठाऊकच नसते. म्हणून भारतात या प्रशिक्षणाचा विचार बजरीगार (बजी), कॉकॅटियल, लव्हबर्ड, कोन्युअर, आफ्रिकन करडा पोपट, मकाव अशा परदेशी जातींपुरताच करता येतो. त्यांपैकी ज्या जाती ‘साइटीस’ या वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यांची नोंदणी अधिनियमातील २०२२ची दुरुस्ती व त्यानंतरचे २०२४चे नियम यांनुसार ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर करावी लागते. बजी व कॉकॅटियल या परिशिष्टांत नाहीत.

पोपटाच्या पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे वळलेली असतात, त्यामुळे त्याची पकड घट्ट असते आणि चढण्यात तो तरबेज असतो. चढताना तो चोचीचा उपयोग तिसऱ्या पायासारखा करतो. नव्या आधारावर पाऊल टाकण्यापूर्वी तो पुढे वाकतो, चोचीने आधार धरून पाहतो, जाड व कोरड्या जिभेने चाचपतो आणि आधार हलत नाही अशी खात्री पटली की मगच एका पायावर भार घेऊन दुसरा उचलतो. नवशिक्या माणसाची गडबड नेमकी येथे होते. चोच बोटाकडे येताना दिसली की तो पक्षी चावणार असे समजून हात मागे घेतो. पुढे आलेला पक्षी त्यामुळे तोल जाऊन धडपडतो आणि हा आधार भरवशाचा नाही, एवढेच त्याच्या ध्यानात राहते. असे वारंवार झाले तर चोच पुढे केली की हात दूर जातो, हेही तो शिकतो आणि नको असलेला हात हटवण्यासाठी खरोखरच चावू लागतो. चावऱ्या म्हणून बदनाम झालेल्या कितीतरी पक्ष्यांची सवय अशी माणसानेच लावलेली असते.

जुन्या पद्धतीत बोट पक्ष्याच्या पोटाच्या खालच्या भागावर दाबत असत. तोल जाऊ लागला की पक्षी नाइलाजाने बोटावर पाय ठेवी आणि तो शिकला असे मानले जाई. न ऐकणाऱ्या पक्ष्यासाठी चामड्याचे हातमोजे, टॉवेलमध्ये गुंडाळणे आणि दोन्ही हातांवर आळीपाळीने पुनःपुन्हा चढायला लावणे असे उपाय सांगितले जात. या कडकपणामागे एक कारण होते. त्या काळी पाळीव पोपटांचा मोठा भाग रानातून पकडून आणलेला असे आणि माणसाचा हात त्याला शिकाऱ्यासारखाच वाटे. अमेरिकेने १९९२मध्ये वन्य पक्षी संवर्धन कायदा करून आणि युरोपीय संघाने २००७मध्ये कायमची बंदी घालून रानातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात जवळजवळ थांबवली. त्यानंतर बंदिवासात जन्मलेले, अनेकदा माणसाने हाताने भरवून वाढवलेले पक्षी घरोघरी आले आणि जुन्या धाकदपटशाची गरज तर संपलीच, पण त्याचे तोटेही उघड दिसू लागले.

आजची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनविषयक संशोधनावर उभी आहे. ज्या कृतीचे फळ चांगले मिळते ती कृती वाढते, हे तिचे मूळ सूत्र. स्किनर यांचे विद्यार्थी केलर व मॅरियन ब्रेलंड यांनी १९४०च्या दशकात हे सूत्र प्रयोगशाळेबाहेर काढून प्राण्यांच्या व्यावसायिक प्रशिक्षणात वापरले. पोपटांच्या बाबतीत त्याचा पाठपुरावा करणाऱ्यांत यूटा स्टेट युनिव्हर्सिटीतील मानसशास्त्रज्ञ सुझन फ्रीडमन यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. पक्ष्याला नकार देण्याची मुभा असली पाहिजे, या मुद्द्यावर त्यांचा विशेष भर आहे. पोपट नकार किती स्पष्टपणे देऊ शकतो, हे पक्ष्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांच्या ॲलेक्स या आफ्रिकन करड्या पोपटाने (१९७७ ते २००७ या काळातील संशोधनात) दाखवले. प्रयोगाचा कंटाळा आला की तो आपल्याला परत जायचे आहे असे इंग्रजीत सांगत असे. बाकीचे पोपट तेच अंगाच्या हालचालींतून सांगतात.

या हालचाली वाचता येणे ही प्रशिक्षणाची खरी पूर्वतयारी होय. पिसे अंगाशी घट्ट चिकटवून ताठ उभे राहणे, मागे झुकणे, चोच उघडी ठेवणे, शेपटी पंख्यासारखी पसरणे ही थांबण्याची चिन्हे आहेत. आफ्रिकन करडा पोपट, ॲमेझॉन पोपट व मकाव यांच्या डोळ्यांतील बाहुल्या भरभर लहानमोठ्या होऊ लागल्या की पक्षी उत्तेजित झाला आहे असे समजावे. ही उत्तेजना आनंदाची असेल किंवा रागाची, पण त्या क्षणी हात पुढे करू नये. कॉकॅटियलचा तुरा डोक्यावर सपाट चिकटला आणि तो फिस्कारू लागला, तर तो घाबरला आहे किंवा चिडला आहे. उलट सैल पिसे, पुढे झुकलेले अंग आणि किंचित उचललेला एक पाय ही तयारीची खूण असते.

नवा पक्षी घरी आल्यावर काही दिवस त्याला नुसते रुळू द्यावे. या काळात त्याचा आवडता खाऊ हेरून ठेवावा. बजीला राळ्याचे कणीस, मोठ्या पोपटांना सूर्यफुलाची बी, बदामाचा तुकडा किंवा डाळिंबाचे दाणे बहुधा आवडतात. हा खाऊ एरवी भांड्यात न देता शिकवणीसाठीच राखून ठेवला की त्याची किंमत वाढते. पक्ष्याला उपाशी ठेवण्याचे मात्र कारण नाही. नेहमीच्या जेवणाच्या थोडे आधी शिकवणी घेतली तरी पुरते. बजीचे वजन अवघे ३० ते ४० ग्रॅम असते, तेव्हा अन्न तोडण्याचा प्रयोग त्याच्या जिवावर बेतू शकतो.

पक्षी गजांमधून खाऊ घेऊ लागला की त्याला एका काडीच्या टोकाला चोच लावायला शिकवतात. टोकाला चोच लागताच ‘शाब्बास’ म्हणावे किंवा क्लिकर (दाबताच ‘टिक्’ असा आवाज करणारे छोटे साधन) वाजवावा आणि लगेच खाऊ द्यावा. थोड्याच दिवसांत पक्षी काडीच्या मागे चालू लागतो आणि मग हाताचा प्रवेश करता येतो. हात दांडीला समांतर, पक्ष्याच्या पायांच्या किंचित वर आणि पोटाच्या जवळ, पण त्याला न टेकवता धरावा. पोपटाला खाली उतरण्यापेक्षा वर चढणे सोयीचे वाटते. काडी हाताच्या पलीकडे अशी धरावी की तिच्यापर्यंत पोचायला पक्ष्याला हातावर यावे लागेल. आधी नुसती मान पुढे आली तरी बक्षीस, मग एक पाय, मग दोन्ही पाय, अशा पायऱ्या घ्याव्यात. दोन्ही पाय आले म्हणून हात लगेच उचलण्याचा मोह आवरावा. पक्षी हातावर थांबून निवांत खाऊ लागेपर्यंत हात जागचा हलवू नये. हालचाल जमू लागल्यावरच ‘ये’ किंवा ‘वर ये’ असा शब्द जोडावा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी पाचएक मिनिटे एवढी शिकवणी पुरेशी असते.

लहान पक्ष्याला तर्जनी पुरते. मोठ्या पोपटासाठी कोपर अंगाशी घेऊन पुढचा हात आडवा धरतात. हात खांद्याकडे चढता राहिला तर पक्षी उंच जागा शोधत खांद्यावर जाऊन बसतो. मकाव किंवा काकाकुवा यांसारख्या बळकट चोचीच्या पक्ष्याला डोळ्या-कानांपाशी बसू देणे शहाणपणाचे नाही. हाताचीच भीती बसलेल्या पक्ष्याला आधी सुट्या दांडीवर चढायला शिकवून ती दांडी हळूहळू हाताजवळ आणता येते. विणीच्या काळात पिंजरा हे पक्ष्याचे राखीव क्षेत्र होते आणि लव्हबर्डची मादी तर त्यासाठी कडाडून भांडते. अशा वेळी पिंजऱ्यात हात न घालता पक्षी दाराशी आल्यावरच बोलवावे.

सुरुवात उत्तम होऊनही महिन्याभराने पक्षी येईनासा झाला, तर दोष बहुधा उतरवण्याच्या पद्धतीत असतो. हातावर आल्यावर दर वेळी पिंजऱ्यात बंद केले जात असेल, तर हातावर येणे म्हणजे खेळ संपणे, असा हिशेब पक्षी करतो. म्हणून त्याला बोलवावे, खाऊ द्यावा आणि पुन्हा होता तेथेच सोडावे, असे दिवसातून अनेकदा करावे लागते. पिंजऱ्यात परत जातानाही आत काही आवडीचे वाट पाहत असावे. पक्षी चावला तर ओरडू नये आणि हात झटकू नये. हातावर मुद्दाम हिसका देऊन पक्ष्याचा तोल घालवण्याचा सल्ला पूर्वी दिला जाई. त्याने चावणे क्वचित थांबते, विश्वास मात्र नक्की जातो. पक्ष्याला शांतपणे जवळच्या दांडीवर उतरवावे आणि चावण्याआधी कोणती खूण आपल्या नजरेतून सुटली, ते आठवावे.

पंख छाटावेत का, हा वादाचा विषय आहे. छाटलेला पक्षी लवकर हाती येतो हे खरे असले, तरी तो उडून जाऊ शकत नसल्यामुळे त्याचे येणे खुशीचे की नाइलाजाचे, हे शिकवणाऱ्याला कळत नाही. शिवाय घाबरून उडी घेतल्यास छातीच्या हाडावर आपटून त्याला इजा होते. उडता पक्षी बाहेर काढण्यापूर्वी छताचा पंखा बंद करणे, दारे-खिडक्या लावणे आणि आरशावर पडदा टाकणे आवश्यक असते. स्वयंपाकघरात शिकवणी घेऊ नये, कारण तापलेल्या नॉनस्टिक भांड्याचा धूर पोपटाला काही मिनिटांत मारू शकतो.

माणसाळलेला, रोज हातावर येणारा पक्षी एकाएकी नकार देऊ लागला, तर त्याला हट्टी ठरवण्याआधी त्याचे तळपाय पाहावेत. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांवर वर्षानुवर्षे बसल्याने तळव्यांना सूज येते व जखमा होतात. म्हाताऱ्या पक्ष्यांचे सांधेही धरतात. पोपट आजार लपवतात आणि चढताना होणारी वेदना हे कधीकधी त्याचे पहिले दिसणारे लक्षण असते. अशा पक्ष्यासाठी हात दांडीच्या पातळीवर धरून त्याला आडवे पाऊल टाकू द्यावे आणि पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.