डोळे पळवून इंग्रजी उतारा कळत नाही

ऑक्टोबर 2019 मध्ये चीनमध्ये एक व्हिडिओ तुफान फिरला. शाळकरी मुलं रांगेत बसली आहेत आणि पत्त्यांची गड्डी पिसावी तशी पुस्तकांची पानं फर्रर्र उडवताहेत. याचं नाव म्हणे ‘क्वांटम तरंग शीघ्रवाचन’. पानं उडवली की मजकुरातून तरंग निघतात, ते थेट मेंदूत शिरतात, आणि लाख चिनी अक्षरांचं पुस्तक पाच मिनिटांत वाचून होतं! फी अर्थातच हजारो युआन. चिनी माध्यमांनीच त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. आपणही फार हसू नये. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना ‘वाचायला’ लावणारे मिडब्रेन ॲक्टिव्हेशनवाले आपल्याकडे गावोगाव हॉल भरवत होते. नाकाशेजारची फट बुजवली की ती विद्या गायब होते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी दाखवून दिलं, तरी भोळे पालक मिळतच राहिले.

क्वांटमला बाजूला ठेवून साधा भागाकार करू. पाच मिनिटांत लाख अक्षरं म्हणजे सेकंदाला 333. वाचताना डोळा सेकंदाला साधारण चार वेळा थांबतो. म्हणजे एका थांब्याला ऐंशीहून जास्त अक्षरं टिपायला हवीत. प्रत्यक्षात सराईत चिनी वाचकाला एका थांब्यात उपयोगी पडतात फार तर पाच: ज्यावर नजर आहे ते, डावीकडचं एक आणि उजवीकडची दोन-तीन.

असल्या क्लासना गिऱ्हाईक मिळतं ते परीक्षेच्या धास्तीने. गाओकाओ, म्हणजे तिथली विद्यापीठ प्रवेश परीक्षा, दरवर्षी 7 जूनला सुरू होते. 2024 मध्ये तिच्यासाठी 1 कोटी 34 लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. बहुतेक प्रांतांत एकूण गुण 750 आणि त्यातले इंग्रजीचे 150, म्हणजे गणिताइतकेच. राष्ट्रीय नमुन्याच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत 50 गुण उतारे वाचून उत्तरं देण्याचे. मग साडेतीन हजार शब्दांची यादी घोका, ‘वाचनाचा वेग वाढवा’ म्हणणारं ॲप घ्या, असं सुरू होतं. वेग वाढवायचा म्हणजे डोळे पळवायचे, हा सगळ्यांचा ठाम समज. इथेच घोळ आहे, आणि तो समजायला डोळ्यात शिरावं लागेल.

आपली नजर ओळीवरून सरकत जाते असं वाटतं, पण ती सरकत नाही. ती टुणटुण उड्या मारते. फ्रेंच नेत्रवैद्य एमिल जावाल यांनी 1879 मध्येच या उड्यांबद्दल लिहिलं होतं. उडी 20 ते 40 मिलिसेकंदांची, आणि तेवढ्यात नवं काहीच वाचलं जात नाही. वाचन होतं ते दोन उड्यांमधल्या पाव सेकंदाच्या थांब्यात. त्यातही अक्षर नीट दिसतं ते दृष्टिपटलाच्या मधल्या चिमुकल्या खळग्यावर, फोव्हियावर, प्रतिमा पडली तरच. हा टापू केवढा? हात लांब करून अंगठ्याचं नख बघा, जवळपास तेवढा. बाकी सगळं धूसर.

पण धूसर म्हणजे निरुपयोगी नव्हे. 1975 मध्ये जॉर्ज मॅकॉन्की आणि कीथ रेनर यांनी अमेरिकेत एक भन्नाट प्रयोग केला. संगणकाच्या पडद्यावर मजकूर, आणि वाचकाची नजर जिथे असेल त्याच्या आजूबाजूची ठराविक अक्षरंच खरी. बाकी सगळीकडे नुसते ‘एक्स’. नजर हलली की ही खिडकीही तिच्याबरोबर हलायची. खिडकी लहान केली की वाचन मंदावायचं. मोठी करत गेलं की एका मापानंतर वाचकाला काही फरकच पडायचा नाही. पुढच्या प्रयोगांतून इंग्रजी वाचकाचं माप निघालं: नजरेच्या डावीकडे तीन-चार अक्षरं, उजवीकडे चौदा-पंधरा. इतकी एकांगी का? तर इंग्रजी उजवीकडे जाते म्हणून. 1981 मध्ये हिब्रू वाचकांवर तोच प्रयोग झाला आणि खिडकी डावीकडे कललेली निघाली. ते वाचक इंग्रजीही जाणत होते. इंग्रजी मजकूर दिला की त्यांचीच खिडकी उजवीकडे झुके. म्हणजे खिडकीचं माप बुबुळ ठरवत नाही, अवधान ठरवतं.

ही खिडकी स्थिरही नसते. नजरेखालचा शब्द सोपा असेल तर मेंदूला सवड मिळते, आणि तो उजवीकडच्या धूसर शब्दाची पूर्वतयारी करून ठेवतो. शब्द अवघड असेल तर सगळी शक्ती तिथेच खर्च होते आणि उजवीकडचं जवळजवळ काहीच टिपलं जात नाही. मग पुढच्या शब्दाला आयती तयारी नाही, तोही जड जातो, थांबे लांबतात, उड्या आखडतात. त्यात चिनी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. शब्द कुठे संपला हे वाचकच ठरवतो. इंग्रजीतली मोकळी जागा मात्र पुढची उडी कुठे मारायची ते सांगते, आणि डोळा साधारणपणे शब्दाच्या मध्याच्या किंचित अलीकडे उतरतो. शांघायच्या मुलाला ही नवी सवय हाताला, म्हणजे डोळ्याला, लावून घ्यावी लागते. पण मुद्दा असा की डोळा मंद आहे कारण ओळख मंद आहे. ओळीवरून बोट फिरवून किंवा ॲपच्या पडद्यावर एकेक शब्द भराभर चमकवून डोळ्याला दामटण्यात अर्थ नाही.

साडेतीन हजार शब्द पाठ असूनही ओळख मंद कशी? कारण यादीत अर्थ आठवायला दोन सेकंद मिळतात, उताऱ्यात पाव. भाषा-संशोधक नान जियांग यांच्या 2007 च्या अभ्यासातला एक तपशील मला फार आवडतो. ‘अनेक’ या अर्थाच्या शब्दानंतर अनेकवचनाचा ‘एस’ मुद्दाम गाळलेली वाक्यं वाचताना मूळ इंग्रजी भाषक तिथे अडखळून मंदावत. उत्तम इंग्रजी येणारे चिनी भाषक मात्र सुसाट पुढे जात. नियम ठाऊक असूनही वाचतावाचता तो हाताशी येत नव्हता. त्यांच्या भाषेत नामाला असा प्रत्यय लावावाच लागत नाही.

आता दुसरी अडचण, आणि ही मराठी वाचकाला पटकन कळेल. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ हे चिनीत ‘वो च्वोथिएन माय-द शू’: मी, काल, घेतलेलं, पुस्तक. हुबेहूब आपलाच क्रम! वर्णन आधी, नाम शेवटी. इंग्रजी उलटी चालते: ‘द बुक आय बॉट यस्टरडे’. एवढंसं असेल तर निभावतं. पण वाक्य असं आलं तर? ‘द फार्मर हू सोल्ड द लँड दॅट हिज ग्रँडफादर हॅड क्लिअर्ड रिग्रेट्स इट’. शेतकरी पहिल्यांदाच भेटला, मग जमीन, मग आजोबा, आणि शेतकरी काय करतोय ते अगदी शेवटाकडे. तोवर ‘द फार्मर’ डोक्यात धरून ठेवायचा. आपण काय म्हणू? ‘आजोबांनी साफ केलेली जमीन विकलेला शेतकरी हळहळतोय.’ चिनी विद्यार्थीही असाच मागून पुढे भाषांतर करत बसतो. तिथले मास्तर अशा वाक्यांना ‘छांग-नान-जू’ म्हणजे लांब-अवघड वाक्यं म्हणतात आणि त्यांची चिरफाड फळ्यावर करून दाखवतात. चिरफाड वाईट नाही, पण उलट्या क्रमाची सवय त्यातून सुटत नाही. त्यापेक्षा वाक्याला तिरप्या रेघा मारून अर्थाचे घास पाडायचे (द फार्मर / हू सोल्ड द लँड / दॅट हिज ग्रँडफादर हॅड क्लिअर्ड / रिग्रेट्स इट) आणि ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने गिळायचे, हे अधिक कामाचं. काही शिक्षक ते करूनही घेतात.

एरवी क्लासमध्ये तोडगेही भरपूर मिळतात. ‘तीन पर्याय लांब, एक आखूड, तर आखूड निवडा’ ही तिकडची प्रसिद्ध युक्ती. प्रश्न काढणाऱ्यांना ती माहीत नसेल असं मानणारे धन्य होत! परीक्षा केंद्राबाहेर शुभ म्हणून छिपाव हा पारंपरिक चिनी झगा घालून उभ्या राहणाऱ्या आया निदान निरुपद्रवी तरी आहेत.

उपयोगी पडतं ते नीरस आहे. हू आणि नेशन या संशोधकांच्या 2000 च्या अभ्यासानुसार मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे 300 शब्दांच्या उताऱ्यात अनोळखी सहाच. मुलं सरावाला घेतात ते उतारे याहून किती तरी कठीण असतात, म्हणून सराव होतो तो अडखळण्याचा. खिडकी रुंदावायची तर सोपं, भरपूर वाचायला हवं. तैवानमध्ये ॲना चांग यांनी विद्यार्थ्यांना सोपे उतारे घड्याळ लावून नियमित वाचायला दिले. वेग वाढला आणि आकलन घटलं नाही, उलट किंचित सुधारलं. तोच उतारा पुन्हा वाचणं, ऐकता ऐकता वाचणं हेही याच पठडीतलं.

राहिला वाचताना नजर मागे वळण्याचा प्रश्न. सराईत वाचकाच्याही दहातली एखादी उडी मागे असते. 2014 मध्ये एलिझाबेथ शॉटर, रँडी ट्रॅन आणि रेनर यांनी वाचून झालेले शब्द झाकून वाचकांना मागे बघूच दिलं नाही, तर त्यांचं आकलन घसरलं. गाओकाओच्या इंग्रजीत ‘सातातून पाच’ नावाचा प्रश्न असतो: उताऱ्यातली पाच वाक्यं गाळलेली, खाली सात दिलेली, योग्य पाच निवडून जागेवर बसवायची. इंग्रजीतल्या ‘दे’ म्हणजे ‘ते’ नेमके कोण हे शोधायला इथे नजर दोन ओळी वर न्यावीच लागते. शब्द एकामागून एक चमकवणाऱ्या ॲपमध्ये वर जायला ओळच नसते.