झेब्राफिशवर यकृताचा प्रयोग : प्राणी नैतिकता समितीकडे अर्ज कसा करावा

झेब्राफिश या छोट्या माशाच्या अळ्यांवर प्रयोग करायचा असेल, तर अर्ज भरायला घेण्याआधी त्यांच्या वयाच्या तासांचा हिशेब करा. परवानगी लागते की नाही, हे बहुतेक त्यावरच ठरते. युरोपीय संघाचा प्राणी-प्रयोगांविषयीचा 2010/63 हा निर्देश स्वतः अन्न घेऊ लागलेल्या अळ्यांना संरक्षण देतो; 28.5 अंश सेल्सियसला ही वेळ फलनानंतर साधारण 120 तासांनी येते. अमेरिकेत सरकारी निधीवरच्या कामात अंड्यातून बाहेर आल्यापासून, म्हणजे साधारण 72 तासांपासूनच, अळ्यांची प्राणी म्हणून मोजणी सुरू होते. तुमच्या संस्थेचा नियम आधी पाहून घ्या.

यकृताच्या प्रयोगात अडचण इथेच येते. ते चौथ्या-पाचव्या दिवशी काम करू लागते, आणि त्याआधी पिवळ्या बलकातली चरबी ऑइल रेड ओ या चरबी दाखवणाऱ्या रंगाच्या रंजनात गोंधळ घालते. मद्यजन्य चरबीयुक्त यकृतासाठी 96 तासांच्या अळ्या 2 टक्के इथेनॉलमध्ये 32 तास ठेवण्याची पद्धत रूढ आहे. बेरीज 128 तास, म्हणजे 120 च्याही पुढे! ‘फक्त भ्रूण वापरणार’ असे लिहिलेला अर्ज इथे परत येतो.

प्रमुख संशोधक संस्थेचा कर्मचारी असावा आणि मासे हाताळणाऱ्या प्रत्येकाचे प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडावे. त्यासोबत प्रयोगाचा आराखडा, माशांचा स्रोत व आरोग्य अहवाल, पाण्याच्या नोंदी आणि पेशी-संवर्धनावर हे काम का भागत नाही याचे कारण द्या. जनुक बदललेला वाण असेल तर जैवसुरक्षा समितीची मंजुरी वेगळी लागते. यकृतपेशी मेट्रोनिडाझोल या औषधाने मारण्याचा प्रयोग जनुक बदललेल्या वाणावरच होतो, म्हणून तोही याच गटात येतो.

संख्येचे समर्थन हा सर्वांत कच्चा राहणारा रकाना. एकाच बशीतल्या 20 अळ्या म्हणजे 20 स्वतंत्र नमुने नव्हेत. गट, प्रत्येक गटातल्या अळ्या आणि माशांच्या वेगवेगळ्या जोड्यांच्या अंड्यांवर किती वेळा प्रयोग होणार, हे मांडून गुणाकार दाखवा. विषारी मात्रेत मरणाऱ्या अळ्याही त्यात धरा.

प्रयोग कधी थांबवणार, तेही नेमके लिहा: सूज, वाकलेले शरीर, स्पर्शाला प्रतिसाद नसणे, दिवसातून किती वेळा पाहणी. शेवटी मृत्यूची पद्धत. ट्रायकेन हे माशांना भूल देणारे औषध आम्लधर्मी असते, म्हणून द्रावणाचा सामू 7 च्या आसपास आणल्याचा उल्लेख हवा. लहान अळ्या नुसत्या ट्रायकेनने खात्रीने मरत नाहीत. 2 ते 4 अंशांच्या पाण्यात किमान 20 मिनिटे, अशी दुसरी पायरी जोडा. मंजुरीनंतर मात्रा किंवा वय बदलले, तर आधी सुधारित अर्ज, मग प्रयोग.